हीटरची जागा

१ जानेवारी १९६८, सोमवार. सकाळी ८.

नवी वही. माझ्या बायकोने, मेव्हिसने, नाताळात दिली. म्हणाली, रोज संध्याकाळी मला जे ऐकवतोस ते यात लिहीत जा. तिचं प्रेम असं आडवळणाने येतं.

वर्षाचे संकल्प. क्रॅबट्रीची चोवीस लॉऱ्यांची ऑर्डर ऑगस्टअखेर मिळवायची, म्हणजे मिळवायचीच. ती आली की आमच्या कारखान्यातल्या चारशे माणसांना दोन वर्षं मान वर करायला फुरसत नाही. नाही आली तर कारखाना विकावा लागेल असं आमचे मालक, थोरले थ्रेलकेल्ड साहेब, नाताळच्या पार्टीत म्हणाले. पण ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि तेव्हा तिसरी शेरी चालू होती. दुसरं, दुपारचा सॉसेज रोल बंद. तिसरं, स्वीडिश लॉऱ्यांबद्दल या वहीत एक अक्षर लिहायचं नाही. उगाच महत्त्व दिल्यासारखं होतं.

एकतीस वर्षं थ्रेलकेल्ड अँड सन्समध्ये आहे, त्यातली एकोणीस सेल्स मॅनेजर म्हणून. मला लॉरीतलं कळतं.

२ जानेवारी, मंगळवार.

एक स्वीडिश लॉरी पाहिली. केवळ नोंद म्हणून लिहितो आहे.

चर्चच्या चढावर माझी मोटार आमच्याच एका बिशपमागे अडकली होती. बिशप म्हणजे आमची लॉरी. तीस वर्षं तोच नमुना, कारण चांगल्या गोष्टीला हात लावू नये. बिशप तिच्या चालीने, म्हणजे भारदस्तपणे, चढत होती. माझ्यामागे अकरा गाड्या जमल्या होत्या. तेवढ्यात एक निळी वस्तू मागून आली आणि आम्हा सगळ्यांना ओलांडून वर गेली. रिकामी असेल म्हणून पाहिलं, तर भरलेली. ड्रायव्हर शर्टाच्या बाह्या दुमडून शीळ घालत होता. जानेवारीत. मला ते बरं दिसलं नाही.

ऑफिसात चौकशी केली. दोनशे चाळीस हॉर्सपॉवर म्हणे. आमची दीडशे. एवढी ताकद घेऊन ही माणसं जाणार कुठे? वर स्कॉटलंड आहे, पुढे समुद्र.

सॉसेज रोल एक. धक्क्यामुळे.

११ जानेवारी, गुरुवार.

क्रॅबट्री येऊन गेला. केंडलच्या रस्त्यावर त्याचा वाहतुकीचा धंदा आहे. चोवीस लॉऱ्या, सगळ्या बिशप, सगळ्या पिकलेल्या. एकदम बदलायच्या आहेत. बरोबर त्याचा सगळ्यात जुना ड्रायव्हर सिड.

क्रॅबट्रीने दोनच गोष्टी विचारल्या. लॉरी कधी देणार आणि आत हीटर आहे का. पहिल्याचं उत्तर मी अभिमानाने दिलं: वेटिंग लिस्ट बावीस महिन्यांची आहे. चांगला शिंपीसुद्धा थांबायला लावतो. क्रॅबट्री म्हणाला की त्याच्या गिऱ्हाइकाचे बटाटे बावीस महिने थांबायला तयार नसतात. विनोदी माणूस आहे.

हीटरचं उत्तर तर आमच्या माहितीपुस्तकातच आहे, पान तीन, १९४९ पासून: 'थंडी माणसाला जागं ठेवते.' हे वाक्य माझं स्वतःचं. गरम केबिनमध्ये ड्रायव्हर पेंगतो आणि लॉरी खड्ड्यात जाते, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

मग सिडने पँट वर करून पाय दाखवले. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत वर्तमानपत्रं गुंडाळलेली, वर बटाट्याच्या पोत्याचे तुकडे, वर सुतळी. बावीस हिवाळे असंच चाललंय म्हणे, आणि उजवा गुडघा आता वाकत नाही. मी त्याला म्हटलं, अशा माणसांमुळेच हा देश उभा आहे. सिड गुडघा माझ्या टेबलाशेजारच्या विजेच्या शेगडीजवळ नेऊन उभा राहिला. मी शेगडीची एक दांडी बंद केली, उदाहरण घालून द्यावं म्हणून. ते गेल्यावर पुन्हा लावली.

६ फेब्रुवारी, मंगळवार.

फॅझाकर्ली, आमचा मुख्य इंजिनियर, एक गुंडाळी घेऊन आला. स्वतःच्या घरी, स्वयंपाकघराच्या टेबलावर, चार वर्षं रविवारी बसून त्याने नवं इंजिन आखलंय. अडीचशे हॉर्सपॉवर. केबिन पुढे झुकणारी, म्हणजे इंजिनला हात घालायला ड्रायव्हरला आत घुसावं लागत नाही. सीटखाली हीटर. म्हणाला, अठरा महिने द्या आणि थोरल्या साहेबांची सही तेवढी आणून द्या.

मी त्याला समजावलं की गिऱ्हाईक हे मागत नाही. तो म्हणाला, क्रॅबट्रीने मागच्याच महिन्यात मागितलं. मी म्हटलं, क्रॅबट्री मागतो, पण त्याला ते हवं असतं असं नाही. हा फरक इंजिनियर लोकांना कळत नाही.

गुंडाळी माझ्या खालच्या खणात ठेवली आहे. विचाराधीन.

१४ मार्च, गुरुवार.

आम्ही बदलाच्या विरुद्ध नाही हे दाखवायला हीटर समिती नेमली आहे. अध्यक्ष मी. आज चौथी बैठक. चहा दोनदा. निर्णय एकमताने झाला: यापुढे प्रत्येक बिशपमध्ये ड्रायव्हरच्या गुडघ्यासमोर पत्र्याला सहा इंचांचं गोल भोक असेल आणि त्यावर चार स्क्रूंनी बसवलेली तबकडी. ज्याला हीटर हवा त्याने आपला आणून तिथे बसवावा. माहितीपुस्तकात आता छापता येईल: 'हीटरच्या जागेसह'.

फॅझाकर्लीने विचारलं, हीटर कुठे मिळेल? तो समितीचा विषय नव्हता.

संध्याकाळी मेव्हिसला सांगितलं. तिने विणकामाची ओळ संपवली. मग म्हणाली की आपल्या पलंगावरचं विजेचं ब्लँकेटही ती काढून टाकते आणि त्याच्या जागेवर एक पाटी लावते. ब्लँकेट वेगळं. पलंगावर मी लॉरी चालवत नाही.

३ एप्रिल, बुधवार.

क्रॅबट्रीचा फोन. त्याने स्वीडिश लॉरी आठवडाभर चालवून पाहिली. 'गंमत म्हणून.' मला बरं वाटलं, त्याने हसून घेतलं असेल. तसं विचारलं. नाही हसला म्हणे.

पुढे म्हणाला, शॅपच्या घाटावर दोघींना सारखा माल भरून चढवू. लँकेशायर आणि स्कॉटलंडच्या मध्ये तो एकच घाट आहे आणि त्याच्या गाड्या आठवड्यातून सहा वेळा तिथे रांगतात. जी नीट चढेल तिची चोवीसची ऑर्डर. जूनच्या पहिल्या आठवड्यात कसं काय?

मी लगेच हो म्हटलं. हो म्हणताना छाती भरून आली. बिशप १९३८ पासून शॅप चढते आहे. वेळ लागतो, पण चढते.

५ एप्रिल, शुक्रवार.

जून जमणार नाही. चाचणीच्या लॉरीला रंग लावायचा आहे. आमचे रंगारी बारा हात देतात, प्रत्येक हातानंतर घासतात, मग सोनेरी रेघ, ती उंटाच्या केसांच्या ब्रशने, हाताने, एका दमात. सगळ्याला सात आठवडे, पण रंगारी इस्टरनंतर कामाला बसणार. जी लॉरी काळ्या मळकट रस्त्यावर धावायची तिला बारा हात कशाला, असं फॅझाकर्ली म्हणतो. याला संस्कार नाहीत.

क्रॅबट्रीला १७ जुलै दिली. तो म्हणाला, नक्की? १७ जुलै? मी म्हटलं, नक्की.

२१ मे, मंगळवार.

कामगारांचं मनोबल वाढावं म्हणून मी छातीवर लावायचे बिल्ले मागवले: युनियन जॅक आणि खाली 'इंग्रजी लॉरी, इंग्रजी रस्ता'. आज आले. सुंदर आहेत. मागे बारीक अक्षरात 'हाँगकाँग' आहे. सगळ्यांना ताकीद दिली की बिल्ला उलटा करून पाहायचा नाही. अर्ध्या तासात कारखानाभर लोक बिल्ले उलटे करून पाहत होते.

सॉसेज रोल तीन. एक फॅझाकर्लीचा, त्याला भूक नव्हती. गुंडाळीचं काय झालं विचारायला आला होता.

२७ जून, गुरुवार.

मेव्हिस म्हणते, १७ जुलै वेक्सच्या सुट्टीत येते.

येते, मला माहीत आहे. शंभर वर्षं आमच्या थॉर्नशॉमध्ये जुलैच्या मध्यापासून पंधरा दिवस गिरण्या, कारखाने, खाटीक, न्हावी, सगळं कुलूपबंद असतं आणि अख्खं गाव ब्लॅकपूलच्या वाळूवर जाऊन बसतं. गावात मांजरंच काय ती उरतात. ही माझी चाल आहे. रस्ता मोकळा. आमचेच लोक फुकटचे सल्ले द्यायला घाटावर येणार नाहीत. आणि स्वीडिश लोकांना वेक्स म्हणजे काय हे ठाऊक असणं शक्य नाही.

मेव्हिसने विचारलं, आणि काही मोडलं तर?

बिशप मोडत नाही. मेव्हिसला वेक्सच्या पहिल्या शनिवारीच ब्लॅकपूलला पाठवून देतो, म्हणजे मला शांतपणे तयारी करता येईल. ती म्हणाली, ती नाहीतरी जाणारच होती.

१७ जुलै, बुधवार. सकाळी ९.३०. शॅपचा पायथा.

ढग खाली आले आहेत. पावसाची बुरबुर. जुलै शॅपपर्यंत पोचत नाही. बिशप मात्र अशी चमकते आहे की तिच्यात मी भांग पाडला. क्रॅबट्री छत्री घेऊन उभा आहे. बिशपवर सिड. स्वीडिश कंपनीच्या माणसासाठी मी सावकाश आणि मोठ्याने बोलायची तयारी करून आलो होतो. तो टॅटर्सल निघाला. प्रेस्टनचा. त्याचा बाप आमच्याच फाउंड्रीत होता म्हणे. मी तरी पहिली दोन वाक्यं मोठ्यानेच बोललो, ठरवलेली होती म्हणून.

सकाळी १०.०५.

निघाल्या. बिशप पुढे. मुद्दाम तिला पुढे सोडायला सांगितलं, शोभा म्हणून.

सकाळी १०.१४.

निळी पुढे गेली. अपेक्षित होतं. आम्ही दमाने जातो.

सकाळी १०.३१.

बिशप थांबली. वाफ. पंख्याचा पट्टा तुटला. हे लॉरीचं अपयश नाही, पट्ट्याचं आहे.

टॅटर्सलने आपल्या मोटारीच्या डिकीतून तीन पट्टे काढले. एकही बसेना. बसणारच नाही, थ्रेलकेल्डचा पट्टा थ्रेलकेल्डच्या मापाचा असतो. दुसऱ्या कुणाचा चालत नाही, हेच तर आमचं वैशिष्ट्य. कारखान्याच्या कोठारात असे चाळीस पट्टे खुंटीला टांगलेले आहेत. कोठार बंद. किल्ली कोठारवाल्या एमॉसकडे. एमॉस ब्लॅकपूलला.

क्रॅबट्रीला म्हटलं, चार तासांत आलो. तो म्हणाला, एडगर, दोन तासांत माझे बटाटे कार्लाइलला पोचायचे होते. मला वाटलं होतं चाचणीसाठी वाळू भरली असेल. त्याने खरा माल भरला होता. कुणावर एवढा विश्वास टाकू नये.

दुपारी २.४०. ब्लॅकपूल.

एमॉस सापडला. तीन मैल वाळू, हजारो आरामखुर्च्या, प्रत्येकीत थॉर्नशॉचा कुणीतरी ओळखीचा, आणि प्रत्येकजण विचारतो, अहो बर्टविसल साहेब, आज चाचणी ना? एमॉसच्या डोक्याला चार गाठींचा रुमाल, पँट गुडघ्यापर्यंत, आणि गळ्यात किल्ली. समुद्रात जातानाही काढत नाही म्हणे. मी त्याच्या निष्ठेचं कौतुक केलं आणि किल्ली मागितली.

तो उठला नाही. त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवतो, पुढे चौकशी झाली तर उपयोगी पडेल:

"साहेब, वेक्समध्ये कोठार उघडायचं तर वर्क्स मॅनेजरची पांढरी चिठ्ठी लागते, तीन प्रतींत. नियम तुमचाच आहे. त्रेपन्न साली तुम्ही सही केलीत. मी तो फ्रेम करून लावलाय."

खरं आहे. तेव्हा एक पाना चोरीला गेला होता.

दुपारी ३.५०.

वर्क्स मॅनेजर वाळूवर मुलांना फिरवणाऱ्या गाढवावर बसलेला सापडला. चिठ्ठ्या लिहायला तयार, पण तिसऱ्या प्रतीला कार्बन नाही. मेव्हिस बाकावर आइसक्रीम खात होती. मला पाहून तिला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. शेजारी जागा करून दिली. बसायला वेळ नाही म्हटलं. ती म्हणाली, बस जरा, एडगर, आता घाई कशाची? हे मला समजलं नाही.

संध्याकाळी ६.१५. केंडलच्या पुढे.

एमॉस आला नाही. चिठ्ठी मिळाली, पण त्याचा चार वाजता बोल्सचा, हिरवळीवर गोळे घरंगळवण्याचा, सामना होता आणि तोही वेक्सच्या नियमात बसतो. उद्या सकाळी येईन म्हणाला. क्रॅबट्रीला तोंडाने तरी सांगावं म्हणून मी एकटाच परत निघालो. चढावर माझ्या मोटारीचं पाणी उकळलं. आता चालतो आहे. पाऊस.

१८ जुलै, गुरुवार.

कालचं शांतपणे लिहितो.

चालताना शेजारी एक लॉरी थांबली. निळी. वर सिड बसला होता. बाह्या दुमडलेल्या, पायाला वर्तमानपत्र नाही. परतीचा फेरा त्याने चालवून पाहावा म्हणून टॅटर्सलने त्याच्या हाती दिली होती. टॅटर्सल आपल्या मोटारीने मागून येत होता. सिडने दार उघडलं. चढू नये असं वाटलं. पाऊस होता म्हणून चढलो.

सिडकडून सगळं कळलं. निळी वर गेली, माथ्यावरच्या ड्रायव्हरांच्या हॉटेलाशी स्वतःचा ट्रेलर सोडला, खाली आली आणि बिशपला मालासकट दोर लावून वर घेऊन गेली. बटाटेही तिनेच नंतर कार्लाइलला पोचवले.  बिशपला दोर लावताना सोनेरी रेघेला धक्का लागू नये म्हणून टॅटर्सलने खाली आपला कोट घातला. हे त्याला कुणी सांगितलं होतं?

सिडने एक बटण फिरवलं. पायांवर गरम हवा आली. मी म्हटलं, सिड, सांभाळ, झोप येईल. तो रस्त्याकडे बघत म्हणाला:

"बावीस वर्षं माझे पाय तुमच्या लॉरीत गारठले, साहेब. थंडीने मी कधी जागा राहिलो नाही. दुखण्याने राहिलो."

यावर माझ्याकडे चांगलं उत्तर होतं. ते आठवत असतानाच डोळा लागला. थेट घराच्या दारात सिडने उठवलं. चाळीस मैल. गेल्या कित्येक वर्षांत असा झोपलो नव्हतो. सिड एकदाही पेंगला नाही. तेव्हा हीटरने झोप येते हे सिद्धच झालं. कुणाला येते, एवढाच तपशील राहिला.

निष्कर्ष: बिशप माथ्यावर पोचली. चाचणीच्या अटींत 'स्वतःच्या ताकदीने' असं कुठेच लिहिलेलं नाही. पाहून घेतलं.

२९ जुलै, सोमवार.

वेक्स संपला. एमॉसने पट्टा दिला. पोच म्हणून माझी सही घेतली, तीन प्रतींत.

३० ऑगस्ट, शुक्रवार.

क्रॅबट्रीचं पत्र. चोवीसही स्वीडिश. सहा आठवड्यांत मिळणार. पत्र सभ्य आहे. शेवटी लिहिलंय की माझ्या आणि बिशपच्या सोबतीची तीस वर्षं तो विसरणार नाही, आणि सिडचा गुडघाही नाही.

थोरल्या साहेबांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. ऐकू कमी येतं त्यांना. मग म्हणाले की त्यांच्या वडिलांनी घोडागाड्या बनवणं बंद केलं, तेव्हाही असंच एक पत्र आलं होतं. आणि चहा मागवला.

इतर गिऱ्हाइकांचीही पत्रं येत आहेत. चांगली बाजू अशी की वेटिंग लिस्ट बावीस महिन्यांवरून पाच आठवड्यांवर आली. फॅझाकर्ली ज्या वेगाच्या मागे होता तो आपोआप आला. तसं त्याला सांगितलं. तो हसला नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार.

फॅझाकर्लीने राजीनामा दिला. टॅटर्सलच्या कंपनीत जातोय, प्रेस्टनला. मी देशभक्तीवर दोन शब्द बोललो. त्याने गुंडाळी परत मागितली.

खालचा खण उघडला. गुंडाळी होती. तिच्यावर चहाच्या कपाचे गोल डाग होते, पाच-सहा, एकात एक. सॉसेज रोलची चरबी एका कोपऱ्यातून आरपार गेली होती, नेमकं हीटरवर. खण नीट बंद होत नाही म्हणून मी ती घडी घालून खाली कोंबली होती, ते विसरलो होतो. फॅझाकर्लीने ती टेबलावर पसरली आणि तळहाताने सरळ करत राहिला. चिडला असता तर मला बोलता आलं असतं.

"तुम्ही नाही म्हणाला असतात तरी चाललं असतं, एडगर," तो म्हणाला. "मी मग दुसरीकडे विचारलं असतं. सात महिने आधी."

विचाराधीन म्हणजे नाही नव्हे, हे मी त्याला सांगायला हवं होतं. तो जिना उतरून गेल्यावर सुचलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार.

कारखाना विकला. मिडलंड्समधल्या एका बड्या कंपनीने घेतला, आणि घेऊन बंद केला. त्यांना जागा हवी होती. चारशे माणसं. एमॉसने किल्ली गळ्यातून काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि पोच मागितली. मी लिहून दिली.  

दुपारी रंगशाळेत गेलो. रंगारी गेले होते. उंटाच्या केसांचे ब्रश धुऊन, पुसून, ओळीने मांडून ठेवले होते, सोमवारी पुन्हा येणार असल्यासारखे. मला रडू आलं. इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. ही माणसं उत्तम काम करत होती. त्यांना काय करायला सांगायचं हे ठरवणं माझं काम होतं.

नंतर शांत झालो. वेटिंग लिस्ट शून्य. आता कुणाला थांबावं लागत नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार.

लिलाव झाला. लेथ, हातोडे, घड्याळ, चाचणीची बिशप, सगळं गेलं. न्यायला निळ्या लॉऱ्या आल्या होत्या.

१३ जानेवारी १९६९, सोमवार. सकाळी ९.

या वर्षी संकल्प केले नाहीत. अनुभव.

आजपासून नवी नोकरी. वाहतूक नियंत्रण अधिकारी, क्रॅबट्रीच्या कंपनीत. पदाचं नाव माझं; क्रॅबट्री 'फाटकावरचा माणूस' म्हणतो. लॉरी आत आली की नंबर आणि वेळ लिहायची, बाहेर गेली की पुन्हा लिहायची. मेव्हिस म्हणाली, तुला आवडेल, तू वर्षभर हेच करतोयस. तिने पायमोज्यांचे दोन जोड दिले. एक पुरेल म्हणून एक घरी ठेवून आलो.

स्वतंत्र ऑफिस आहे. तिन्ही बाजूंनी काच, फाटकाचा संपूर्ण देखावा. क्रॅबट्रीने लिलावात चाचणीची बिशप भंगाराच्या भावात घेतली, इंजिन विकलं आणि केबिन उतरवून फाटकाशी विटांवर बसवली. त्यात मी बसतो. बारा हातांचा रंग अजून जसाच्या तसा आहे. सोनेरी रेघही.

सकाळी ९.४०.

आत बसलं की उजवा गुडघा दाराच्या लोखंडाला टेकतो. लोखंड बर्फासारखं आहे. एकोणीस वर्षं बिशप विकली, पण आत पाच मिनिटांच्या वर कधी बसलो नव्हतो.

गुडघ्यासमोर हीटरची जागा आहे. तबकडी नाही, लिलावात कुठेतरी पडली असेल. सहा इंचांच्या गोल भोकातून वारा येतो तो सरळ गुडघ्यावर. समितीने जागा अचूक निवडली होती.

सकाळी १०.१५.

क्रॅबट्रीच्या ऑफिसात जाऊन एका छोट्या शेगडीची गोष्ट काढली. दोन दांड्यांची नको, एकीची चालेल. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हसला असता तर बरं झालं असतं.

"थंडी माणसाला जागं ठेवते, एडगर," तो म्हणाला, आणि कागदांकडे वळला.

वाक्य चांगलं आहे. कुठेही लागू पडतं.

सकाळी ११.४०.

सिड आला. लॉरी उभी केली, बाह्या दुमडलेल्या तशाच खाली उतरला आणि केबिनच्या काचेतून आत पाहिलं. परत जाऊन सीटमागून एक गाठोडं काढून आणलं. जुनी वर्तमानपत्रं, पोत्याचे दोन तुकडे, सुतळी. आता लागत नाहीत म्हणाला. मला दाखवायला खाली बसू गेला, पण त्याचा गुडघा वाकेना, म्हणून उभ्याउभ्याच सांगितलं.

"घोट्यापासून सुरू करा, साहेब. गुडघ्यावर तीन घड्या. सुतळी फार आवळू नका, नाहीतर संध्याकाळी उठता येत नाही."

११.५२. निळी, नंबर सात, सिड. आत.